मालाबरोबर मालक



जुन्नर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र दोन पानी आहे, पण त्यातला मुद्दा एकच आणि अगदी नेमका आहे. त्यांच्या घरी ढोबळी मिरची आणि फरसबी होते. माल रात्रीच्या टेम्पोने वाशीच्या बाजारात जातो, तो गेली सहा वर्षे एकाच गाळ्यावर. तोडणी, निवड आणि भरणी त्या स्वतः दोन जावांना हाताशी घेऊन करतात. टेम्पोवाला माल पोचवतो, परत येताना पट्टी आणतो, पैसे बँकेत जमा होतात. हल्ली तर पट्टीचा फोटोच सकाळी मोबाइलवर येतो. या सहा वर्षांत त्यांच्या घरातले एकही माणूस त्या गाळ्याची पायरी चढलेले नाही. "आमचे मालक म्हणतात, भाव मोबाइलवर कळतो, पट्टी मोबाइलवर येते. मग एक दिवस मोडून, भाडे खर्चून त्या अडत्याचे तोंड पाहायला कशाला जायचे? तुम्हाला काय वाटते?" असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या मालकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. भायखळ्याला भाजी जात असे त्या काळी भाव कळायला दोन-दोन दिवस लागत आणि तेवढ्यासाठी माणूस पाठवावा लागे. आता ते कारण उरलेले नाही. पण भाव कळणे ही एक गोष्ट झाली आणि आपल्या मालाला तोच भाव का पडला हे कळणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट अजून कोणत्याही मोबाइलवर येत नाही. तेव्हा आज याच विषयावर बोलू.

तुमच्याप्रमाणे अनेकांच्या घरी तारेत ओवलेल्या पट्ट्या भिंतीला टांगलेल्या असतील. त्यातली एक काढून समोर घ्या. तिच्यावर नग किंवा डाग लिहिलेले असतात, वजन असते, दर असतो. त्याखाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे अशा कपाती आणि सर्वांत शेवटी निव्वळ रक्कम. (यात अडत कापलेली दिसली तर तिथेच बोट ठेवा. फळे, भाजीपाला आणि कांदा-बटाटा यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असे आपल्या राज्यात २०१६ साली ठरले. माल सुरतेला किंवा हैदराबादला जात असेल तर तिथले नियम वेगळे.) आता याच दिवसाचे त्या बाजाराचे भाव पाहा. बाजार समित्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर जाहीर करतात. त्या दिवशीच्या किमान आणि कमाल दरांत बरेचदा दुपटीचे अंतर असते. माल एकच, बाजार एकच, पहाट एकच, तरी एकाला वरचा दर पडला आणि एकाला खालचा. तुम्हाला जो पडला तो कुठे बसतो ते पाहा. वर असेल तर चांगलेच आहे. पण महिनोन्महिने मध्याच्या खालीच पडत असेल, तर त्याचे कारण पट्टी सांगणार नाही. फोनवर विचारले तर "आज आवक फार होती, भाऊ" एवढे उत्तर मिळेल. ते खोटे असेलच असे नाही, पण आवक सगळ्यांनाच सारखी होती.

कारण कळते ते गाळ्यासमोर दोन तास उभे राहिल्यावर. माल रात्री उतरतो, पहाटे गिऱ्हाईक फिरू लागते. गिऱ्हाईक म्हणजे किरकोळ विकणारे, हॉटेलवाले, हातगाडीवाले. ते तोंड उघडून वरचा थर पाहत नाहीत, हात खाली घालून मधला माल वर काढतात. तुमचा माल शेजारच्या मालाला लागून उभा असतो, आणि खरे शिक्षण तिथेच होते. आपल्या खळ्यावर आपली मिरची फार देखणी दिसते. तिथे शेजारी दुसऱ्या कुणाची एकाच मापाची, देठ सारखे कापलेली मिरची असली की आपल्या मालातली लहानमोठी भेसळ लगेच डोळ्यांत भरते. अडत्याचा माणूस आपला माल किती वाजता उघडतो, पहिल्या गिऱ्हाइकाला दाखवतो की बाजार उतरल्यावर, हेही तिथेच दिसते. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच.

टोमॅटोचे उदाहरण घ्या. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट उभा राहतो तेव्हा त्याच्यावर दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक असते. एकाला गाडी भरून लांब परराज्यात पाठवायची असते. त्याला कडक आणि नुकता रंग धरलेला माल हवा, कारण वाटेत दोन-तीन दिवस जायचे असतात. दुसऱ्याला उद्याच पुण्या-मुंबईत विकायचा असतो. त्याला लाल हवा. घरी बसून आपण "चांगला माल" तोडतो, म्हणजे आपल्या डोळ्यांना चांगला. लांबच्या गाडीची मागणी असताना लाल माल नेला की तोच चांगला माल हलका ठरतो, आणि यात आपल्या शेतीचा काहीही दोष नसतो. तोडणी एक दिवस आधी हवी होती, एवढेच. अशी एक दिवसाची गोष्ट ज्याला कळली त्याच्या औषधपाण्याच्या खर्चात एक पैशाची वाढ न होता उत्पन्न वाढते.

हिशोबच करायचा तर असा करा. आठवड्याला सहाशे किलो माल जातो आणि हंगाम बारा आठवड्यांचा आहे असे धरा. निवड आणि तोडणीची वेळ सुधारून किलोमागे फक्त दोन रुपये जास्त पडले तरी हंगामाला १४,४०० रुपये होतात. एका माणसाचे जाण्यायेण्याचे भाडे, चहा-जेवण आणि बुडालेला रोज यांची बेरीज तुम्हीच घाला. दोन रुपये मिळतीलच अशी हमी मी देत नाही. पण ते मिळण्याजोगे आहेत की नाहीत, हे कळायलाही जावेच लागते.

हे झाले आपल्या बाजूचे. समोरच्याच्या बाजूनेही थोडे पाहू, कारण व्यवहाराला दोन टोके असतात. अडत्याला रोज शंभर ठिकाणचा माल येतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे पोत्यावर मार्करने काढलेली दोन अक्षरे. ही दोन अक्षरे कोण आहेत, त्यांची किती लागवड आहे, माल अजून किती दिवस चालेल, पुढची लावण कधीची, हे त्याला ठाऊक नसते. जे ठाऊक नाही त्यावर तो आपल्या गिऱ्हाइकाला वायदा देऊ शकत नाही. एखाद्या हॉटेलवाल्याला रोज पन्नास किलो एकसारखी मिरची हवी असली तर अडत्या कुणाचे नाव सांगेल? ज्याने समोर बसून सांगितले आहे की माझी दीड एकर आहे, सोमवार-गुरुवार तोडा असतो आणि अजून दोन महिने माल येईल, त्याचेच. व्यापाऱ्याला चांगल्या मालाइतकीच नियमित मालाची भूक असते. ही गोष्ट शेतकऱ्याने त्याला सांगायची असते आणि ती समोरासमोर सांगितली तरच त्याच्या डोक्यात राहते. फोनवर दिवसभर शंभर जण बोलतात.

आता कांद्याकडे वळू, कारण तिथे मालकाने स्वतः जाण्याचा प्रश्न आणखी कडक आहे. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. तिथे आणि नाशिक जिल्ह्यातल्या इतर बाजारांत हल्ली मोकळा कांदा ट्रॅक्टर-ट्रॉलीतून येतो. ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कांदा हातात घेऊन पाहतो, बोली होते आणि एक-दोन मिनिटांत दर ठरून घोळका पुढे सरकतो. ज्यांनी कधी पाहिले नाही त्यांना वाटते व्यवहार संपला. पण पुढे भुईकाट्यावर वजन होते, मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते आणि तिथे कांदा खाली ओतला जातो. वरचा थर लिलावात पाहिलेला असतो. तळाचा इथे पहिल्यांदा दिसतो. तळाला गोल्टी जास्त निघाली, किंवा चाळीतला भिजका, काजळी धरलेला निघाला, की खळ्यावरचा माणूस हात थांबवतो आणि म्हणतो, या दरात नाही जमणार. यालाच वांधा म्हणतात.

वांधा पडला की निर्णय घ्यायला पाच मिनिटे असतात. दर थोडा उतरवून माल द्यायचा, की भरून परत न्यायचा, की बाजार समितीच्या माणसाला बोलावून वांधा समितीपुढे मिटवायचा? ज्याने चाळ भरली, ज्याला तळाशी काय आहे हे ठाऊक आहे, ज्याला घरी पैशाची किती निकड आहे हे माहीत आहे, तोच हे ठरवू शकतो. भाड्याचा ट्रॅक्टरचालक काय ठरवणार? त्याला दुसरी खेप असते. तो मालकाला फोन लावतो, मालक शेतात असतो, रेंज जाते-येते आणि शेवटी "घ्या मिटवून" होते. २५ क्विंटलची ट्रॉली धरली आणि क्विंटलमागे शंभर रुपये सुटले तर अडीच हजार गेले. मालक समोर उभा असता तर वांधा पडला नसता असे नाही. तळाला खरोखरच खराब कांदा असेल तर तो पडायलाच हवा. पण मालक समोर असला की उगाच काढलेला वांधा आणि खरा वांधा यांतला फरक दोन्ही बाजूंना ठाऊक असतो, आणि उगाच वांधे काढण्याची हिंमत कमी होते.

इथे कुणी म्हणेल, समोर उभे राहून काय होते? आमचे आजे-पणजे तर बैलगाडी घेऊन स्वतःच बाजारात जात होते, तरी लुटले जातच होते. हे खरे आहे आणि ते विसरून चालणार नाही. पूर्वी भाव ठरत असे तो रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकत, आत बोटे धरत, आणि ज्याचा माल तो दोन हातांवर उभा राहून नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राही. याला हत्ता पद्धत म्हणत. जनावरांच्या बाजारात हा प्रकार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. म्हणजे माणसे समोरासमोर होती, पण व्यवहार पडद्यामागे होता. हे मोडायला फार वर्षे लागली. वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार १८८६ साली सुरू झाला, वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा १८९७ साली झाला, मुंबई इलाख्यात शेतमाल बाजाराचा कायदा १९३९ साली आणि आपल्या राज्याचा १९६३ साली. उघड लिलाव, खरे वजनकाटे आणि लेखी हिशोब ही त्यातून मिळालेली कमाई. ती आपण वापरली नाही तर कागदावरच राहील. उघड लिलाव हा शेतकऱ्याने ऐकावा म्हणून उघड आहे. ऐकायला शेतकरीच नसला तर तो उघड काय आणि झाकलेला काय.

याच्या अगदी उलट तऱ्हेची एक भेट आहे आणि तिच्यापासून सावध राहायला हवे. द्राक्षाच्या हंगामात बांधावर गाडी येते. उतरणारा माणूस गोड बोलतो, पोरांच्या हातावर खाऊ ठेवतो, ओट्यावर बसून चहा घेतो, बागेची स्तुती करतो. पहिल्या तोडीचे पैसे रोख देतो, दुसऱ्या तोडीचे अर्धे देतो, तिसऱ्या तोडीला "मार्केटमधून आले की लगेच" म्हणतो आणि बाग खाली झाली की त्याचा फोन बंद होतो. नाशिक भागात हे इतके वाढले होते की २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांच्या तक्रारी गोळा करून व्यापाऱ्यांकडून पैसे वसूल करण्याची मोहीमच हाती घेतली. फसलेल्यांपैकी बहुतेकजण सांगतात, "माणूस चार वेळा घरी आला होता हो, समोर बसून बोलला होता."

बरोबर आहे, तो घरी आला होता. पण आपण त्याच्या घरी गेलो होतो का? भेट भेटीत फरक असतो तो इथे. जो आपल्या ओट्यावर येतो तो आपले सगळे पाहून जातो: बाग किती, कर्जाची निकड किती, घरात कर्ता कोण. त्याचे मात्र आपल्याला गाडी आणि कपडे यांपलीकडे काही दिसत नाही. म्हणून व्यवहार मोठा असेल तर माल तोडण्यापूर्वी त्याचा गाळा, त्याचे गोदाम, त्याचे शीतगृह जिथे असेल तिथे एकदा जाऊन यावे. परराज्यातला असला तर तिघाचौघांनी मिळून एकाला पाठवावे. गेल्यावर त्याच्याशी बोलण्याआधी त्याच्या शेजारच्या गाळ्यावर बोलावे. हमालांशी बोलावे, कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण बुडवतो हे हमालांइतके कुणाला ठाऊक नसते. गाळा त्याच्या नावावर आहे की तो कुणाच्या गाळ्यावर बसतो हे पाहावे. असा माणूस तिथे कुणाला माहीतच नाही असे आढळले, तर गेलेले भाडे हा त्या हंगामातला सर्वांत चांगला खर्च समजावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फळे आणि भाजीपाल्याचा बाजार आवाराबाहेरचा व्यवहार २०१६ पासून बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा झाला आहे. कुणालाही, कुठेही विकण्याची मोकळीक मिळाली हे चांगलेच झाले. पण बांधावर झालेल्या व्यवहारात पैसे बुडाले तर समितीकडे धाव घेण्याची वाटही अरुंद झाली. तेव्हा दर, वजन, कधी आणि कसे पैसे देणार, हे सगळे लिहून सहीची पावती घ्यावी. चहा पाजण्यात कंजुषी करू नका, पण पावती मागण्यात संकोचही करू नका. जो खरा व्यापारी आहे त्याला पावती मागितल्याचा राग येत नाही.

आता उचलीबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण खरा काटा तिथे रुतलेला असतो. पुष्कळ घरांत गाळ्यावर न जाण्याचे कारण वेळ नसणे हे नसते. मुलीच्या लग्नाला किंवा ठिबकच्या नळ्यांना अडत्याकडून उचल घेतलेली असते. उचल घेतलेला माणूस अडत्यासमोर बसून "मला आज खालचा दर का पडला?" असे विचारीत नाही. तो फोनवरसुद्धा विचारीत नाही. मग न जाणेच सोयीचे वाटते. माझे सांगणे असे की उचल असेल तर जास्तच जावे. हंगामात एकदा समोर बसून घेतले किती, फिटले किती आणि राहिले किती हे दोघांच्या वहीत एकच करून यावे. उचल म्हणजे उसने पैसे आहेत. त्याच्या बदल्यात आपण दर विचारण्याचा हक्क गहाण टाकलेला नाही. बरेच अडते सरळ असतात आणि अडीनडीला तेच उभे राहतात, हेही तितकेच खरे. सरळ माणसाला हिशोब विचारला तर तो वही पुढे सरकवतो.

"इ-नाम"बद्दल अनेकांनी मागे विचारले होते, त्याचाही इथे संबंध येतो. ही राष्ट्रीय कृषी बाजाराची व्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. तिच्यात लांबचा खरेदीदार न येता संगणकावर बोली लावतो. तो डोळ्यांनी पाहत नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांच्या जागी मालाची तपासणी आणि प्रतवारी ठेवलेली आहे. सोयाबीन, हरभरा, तूर यांचा ओलावा आणि काडीकचरा मोजून कागदावर मांडता येतो, म्हणून अशा मालाला ही पद्धत चांगली बसते. पालेभाजीचा ताजेपणा किंवा मिरचीचा कडकपणा कागदावर उतरवणे अवघड. जिथे तपासणी खरी होते तिथे माणूस न जाता चालेल. जिथे ती नुसती शिक्का मारून होते तिथे कोणत्या ना कोणत्या डोळ्यांची गरज उरतेच. माझा विरोध मोबाइलला नाही. ज्याला एकदा समोर भेटला आहात त्याच्याशी केलेला दोन मिनिटांचा फोनही कामाचा होतो. आवाजामागचा माणूस माहीत असतो, तो कधी टाळतो आणि कधी खरे सांगतो हे ओळखता येते.

ताई, एवढे सगळे लिहिताना मी "मालक" म्हणत आलो आहे, पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला खटकत राहिली. तोडणी तुम्ही करता, निवड तुम्ही करता, भरणी तुम्ही करता. मग तुमच्या घरातून गाळ्यावर कुणी जायचे तर ते मालकांनीच का? शेजारच्या शेतकऱ्याचा माल बघून "देठ इथून कापायला हवा होता" हे ज्याच्या लक्षात येणार ते माणूस गेले पाहिजे. मालक जाऊन आले तर घरी येऊन सांगतील, "जरा चांगला माल भरा." तुम्ही जाऊन आलात तर दुसऱ्या दिवशीपासून हातच वेगळा चालेल.

बायकांना व्यापार कळत नाही असे समजणाऱ्यांनी एकदा आठवडी बाजारात नीट पाहावे. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई गिऱ्हाईक दहा पावलांवर असतानाच ओळखते. हिला कोवळी हवी, हिला मोठी जुडी हवी, ही घासाघीस करील पण दर आठवड्याला येईल. मागच्या वेळची गवार जून निघाली म्हणून कुणी तोंडावर बोलले की पुढच्या आठवड्यात ती दोन दिवस आधी तोडते. तिच्याकडे पट्टी नसते, संकेतस्थळ नसते, पण गिऱ्हाइकाला काय हवे हे तिला त्याच्याच तोंडून कळते. हेच ज्ञान मोठ्या बाजारापुरते आपण टेम्पोवाल्याच्या भरवशावर सोडून दिले आहे. रात्रीच्या टेम्पोतून एकटीने जाणे सोयीचे नाही हे मान्य. मग दोघी-तिघींनी मिळून, किंवा घरच्या माणसाबरोबर एस.टी.ने जावे. बाजारात भल्या पहाटे गर्दीत उभे राहणे सोपे नाही हेही खरे. अडत्या तुमच्या मालकांकडेच बघून बोलेल. बोलू द्या, प्रश्न तुम्ही विचारा.

आता किती वेळा जायचे? दर खेपेला जाणे वेडेपणाचे होईल. तोडणीचा भर असताना घरातले एक माणूस कमी झाले की नुकसानच जास्त. दहा-बारा डाग जात असतील तर भाडेसुद्धा निघणार नाही. माझ्या मते हंगामाला तीन फेऱ्या पुरेत. पहिली, माल सुरू होण्याच्या आधी किंवा पहिल्या तोडीबरोबर, कारण प्रतवारी आणि भरणी कशी हवी हे तेव्हाच कळले तर पुढचा हंगाम सुधारतो. दुसरी मध्यावर, न कळवता. ही सर्वांत महत्त्वाची. तिसरी हंगाम संपल्यावर, हिशोब मिटवायला आणि पुढच्या वर्षी कशाची मागणी राहील हे विचारायला. गावातून एकाच बाजाराला जाणारे चार-पाच जण असतील तर पाळी लावावी. जो जाईल त्याने सगळ्यांचा माल उघडताना पाहायचा आणि येऊन सगळ्यांना सांगायचे, शेजाऱ्याचा माल आपल्यापेक्षा चढ्या दराने गेला असला तरी सांगायचे. हे शेवटचे जमले तर गटशेतीची अर्धी लढाई जिंकली म्हणायची.

वेळही सांभाळावी. बाजार ऐन भरात असताना अडत्याशी गप्पा मारायला गेलात तर तो हूं-हूं करील आणि दोघांचाही विचका होईल. तेव्हा नुसते उभे राहून पाहावे. बाजार उतरला, झाडलोट सुरू झाली, अडत्याने चहा मागवला की मग बसावे. पहिल्याच भेटीत भांडण काढू नये आणि "जरा भाव बघा आमच्याकडे" अशी काकुळतीही करू नये; ती तो दिवसातून वीस वेळा ऐकतो. त्याऐवजी विचारावे, आज सर्वांत चढा दर कुणाच्या मालाला पडला? तो माल दाखवाल का? आमच्यात काय कमी होते? या तीन प्रश्नांना जो नीट उत्तर देतो तो अडत्या धरून ठेवण्यासारखा आहे. जो टाळतो त्याच्यासाठी त्याच आवारात आणखी गाळे आहेत, आणि आलाच आहात तर त्यांच्यावरही एक चक्कर मारून यायला काही हरकत नाही.

ताई, तुमची फरसबी आता फुलात असेल असे पत्रावरून दिसते. म्हणजे पहिल्या तोड्याला अजून थोडे दिवस आहेत. जाताना गेल्या हंगामाच्या पट्ट्या तारेतून काढून तारखेप्रमाणे लावून बरोबर घ्या, एक कोरी वही घ्या, आणि सकाळी घरून निघाला तर मुक्काम करावा लागेल हे ध्यानात ठेवून वाशीला कुणी नातेवाईक असेल तर आधीच कळवा. काय पाहिले ते मला लिहून पाठवा. गाळ्याचे नाव मात्र पत्रात नको.